मुंचाउसेनच्या थापा आणि ट्रेंकच्या आठवणी

बॅरन मुंचाउसेन आणि बॅरन ट्रेंक ही दोन नावे एकत्र आली की पुढचे वाक्य काय असणार, हे मला आता पाठ झाले आहे: दोघेही अठराव्या शतकातले जर्मन घोडदळ अधिकारी, दोघेही पट्टीचे थापाडे, आणि दोघांच्याही आठवणी म्हणजे लोणकढ्या थापांचे गाठोडे. हा घोळ का होतो हे समजण्यासारखे आहे. दोघेही बॅरन होते, दोघांनाही नशिबाने रशियात नेले, आणि दोघांची नावे मिरवणारी पुस्तके १७८५ ते १७८७ या अवघ्या दोन-तीन वर्षांत बाजारात आली. परंतु त्यांना एकाच माळेचे मणी ठरवल्याने दोघांवरही अन्याय होतो. ज्याने स्वतःविषयी एक ओळही छापली नाही तो आत्मचरित्रकार ठरतो, आणि ज्याने साडेनऊ वर्षे खरोखर अंधारकोठडीत काढली, त्याच्या कैदेची रवानगी मुंचाउसेनच्या गोष्टीतल्या तोफेच्या गोळ्यावरून केलेल्या सफरीशेजारी होते.

मुंचाउसेन बहुतेकांच्या परिचयाचा आहे, म्हणून त्याच्याविषयी थोडक्यात लिहितो. हिएरोनिमस फॉन मुंचाउसेन १७२० मध्ये बोडेनव्हेर्डर येथे जन्मला, तरुणपणी ब्राउन्श्वाइगच्या राजपुत्राच्या पदरी राहून रशियात गेला, तुर्कांविरुद्धच्या मोहिमांच्या काळात तेथील घोडदळात राहिला, १७५० मध्ये कप्तान झाला आणि मग गावी परतून शिकार व पाहुणचार यांत रमला. जेवणानंतर मित्रमंडळींत रंगवून गोष्टी सांगण्यात त्याचा हातखंडा होता. १७८१ मध्ये अशा काही गोष्टी बर्लिनच्या एका विनोदी संग्रहात त्याचे नाव अर्धवट झाकून छापल्या गेल्या. १७८५ च्या अखेरीस रुडॉल्फ एरिश रास्पे या हॅनोव्हरच्या विद्वानाने लंडनमध्ये त्या इंग्रजीत आणल्या. कासेलच्या संग्रहातील मौल्यवान वस्तू लांबवल्याचा ठपका आल्याने हा गृहस्थ इंग्लंडला पळून गेला होता, आणि पुस्तकावर त्याने स्वतःचे नाव घातले नाही. पुढच्याच वर्षी गॉटफ्रीड ब्युर्गर या कवीने त्या गोष्टी जर्मनमध्ये आणताना पदरचीही भर घातली. दलदलीत रुतलेल्या बॅरनने स्वतःला केसांनी धरून घोड्यासकट वर ओढल्याचा प्रसिद्ध प्रसंग या भरीतलाच आहे. रास्पेचे लेखकत्व उघड झाले ते १८२४ मध्ये, तेव्हा मुंचाउसेनला जाऊन सत्तावीस वर्षे झाली होती. जिवंतपणी मात्र ‘खोटारडा बॅरन’ ही उपाधी त्याला चिकटली आणि त्याचा त्याला मनस्वी त्रास झाला. म्हणून ‘मुंचाउसेनचे आत्मचरित्र’ हा शब्दप्रयोग कृपा करून कोणी करू नये. ते पुस्तक प्रथमपुरुषी आहे, एवढाच त्याचा आणि आत्मचरित्राचा संबंध आहे.

दोघांची घराणी, वये आणि पलटणी यांतले फरक कोणत्याही कोशात सापडतात आणि त्यांवाचून कोणाचे अडत नाही. एक पोटघोळ मात्र आधी दूर केला पाहिजे, कारण पुढच्या हकिकतीत त्याचे काम आहे. ट्रेंक दोन होते आणि ते चुलतभाऊ होते. फ्रान्झ फॉन डेर ट्रेंक हा ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिच्या बाजूचा. त्याने १७४१ मध्ये स्लाव्होनियात पांडूरांची, म्हणजे बेशिस्त हलक्या शिपायांची, फौज उभारली, लुटालूट आणि क्रौर्य यांसाठी तो कुप्रसिद्ध झाला, पुढे त्याच्यावर खटला चालला आणि १७४९ मध्ये ब्रनो येथील श्पीलबर्ग किल्ल्यात कैदी म्हणून तो मेला. त्यानेही आपल्या पराक्रमांचे फुशारकीचे पुस्तक मागे ठेवले, त्यामुळे गोंधळात भरच पडते. मी येथे लिहितो आहे ते धाकट्या, प्रशियाच्या फ्रीडरिश ट्रेंकविषयी. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याच्या शरीररक्षक घोडदळातला हा तरुण अधिकारी १७४५ मध्ये राजाच्या मर्जीतून उतरला, ग्लात्सच्या किल्ल्यात कैद झाला, १७४६ मध्ये तेथून निसटला, ऑस्ट्रियाच्या चाकरीत शिरला, १७५४ मध्ये डान्झिग येथे पकडला जाऊन प्रशियाच्या हवाली झाला आणि १७६३ च्या डिसेंबरापर्यंत माग्डेबुर्गच्या कोठडीत राहिला. राजा १७८६ च्या ऑगस्टमध्ये वारला, आणि त्यानंतर लगोलग ट्रेंकचे आत्मचरित्र बर्लिनमध्ये छापून निघाले. १७८८ पासून थॉमस होलक्रॉफ्टने ते इंग्रजीत आणले.

आता खऱ्या फरकाकडे वळतो. लोक समजतात की दोघेही खोटे बोलतात, फक्त एक जास्त आणि दुसरा थोडा कमी. परंतु हा फरक प्रमाणाचा नाही. मुंचाउसेनच्या गोष्टी ऐकणाऱ्याने विश्वास ठेवावा अशी कोणाचीच अपेक्षा नसते. बर्फ वितळल्यावर घोडा चर्चच्या मनोऱ्याला टांगलेला आढळला, हे सांगणारा आणि ऐकणारा दोघेही एका खेळात सामील असतात, आणि त्या खेळात फसवणूक झालेला असा कोणीच नसतो. ट्रेंकचे तसे नाही. आपण कादंबरी लिहीत नसून घडलेले लिहीत आहोत, असे तो पुस्तकात स्पष्ट बजावतो. तो वाचकाला पंच नेमतो, आपल्यावर झालेल्या अन्यायाची दाद मागतो, गेलेल्या मालमत्तेचा हिशोब मांडतो. अशा माणसाने तारीख फिरवली तर ती थाप राहत नाही, ती खोटी साक्ष होते. उलट त्याने खरे सांगितले असेल तर ते थाप म्हणून उडवून लावणे हा तितकाच मोठा गुन्हा आहे. मुंचाउसेनच्या बाबतीत ‘हे खरे का?’ हा प्रश्नच गैरलागू आहे. ट्रेंकच्या बाबतीत तो प्रत्येक पानावर विचारावा लागतो.

आणि तो विचारू लागल्यावर जे हाती येते, त्यानेच बहुतेकांची फसगत होते. आपली सर्वसाधारण समजूत अशी असते की अचाट वाटेल ते खोटे आणि साधे वाटेल ते खरे. मुंचाउसेनवर वाढलेला वाचक हीच चाळणी घेऊन ट्रेंककडे येतो, आणि येथे ती चाळणी जवळजवळ उलटी धरावी लागते.

सोरच्या लढाईचेच पाहा. प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्यातली ही लढाई ३० सप्टेंबर १७४५ रोजी झाली. फ्रेडरिकने ती जिंकली. पण लढाई चालू असताना शत्रूच्या हलक्या फौजांनी प्रशियाची छावणी लुटली, आणि त्या लुटीचे खापर पुढे फ्रान्झच्या डोक्यावर फुटले. फ्रीडरिश सांगतो की या लढाईत तो स्वतः होता, आणि लढाईनंतर थोड्याच दिवसांनी छावणीच्या नेहमीच्या टपालवाल्याने त्याला चुलतभावाचे पत्र आणून दिले. पत्रावर एसेक या गावाचे नाव आणि चार महिन्यांपूर्वीची तारीख होती. तुला हंगेरीचे घोडे हवे आहेत असे कळले, अशा आशयाचा काहीसा थट्टेचा मजकूर होता. या पत्रावरूनच शत्रूशी संधान असल्याचा संशय घेऊन आपल्याला पकडले, असे तो म्हणतो. वाचताना यात अचाट असे काही नाही. टपालवाला आहे, गावाचे नाव आहे, तारखेचा घोळ आहे, घोड्यांचा व्यवहार आहे. रोजच्या छावणीतले हे तपशील कोणालाही पटावेत असेच आहेत. अडचण एवढीच की ट्रेंकच्या अटकेचा राजाचा हुकूम जून १७४५ च्या अखेरीचा आहे. सोरच्या रणांगणावर धूळ उडत होती तेव्हा हा वीर ग्लात्सच्या किल्ल्यात बंदी होऊन तीन महिने झाले होते.

त्याने असे का केले असावे? मला वाटते, नुकत्याच गाजवलेल्या लढाईनंतर लगेच झालेली अटक अन्यायाला धार आणते, आणि फ्रान्झचे नाव ज्या लढाईशी जोडले गेले तिच्याशी आपली कथा बांधली की दोन भावांचे नाट्य उभे राहते. चाळीस वर्षांनंतर आठवणी लिहिणाऱ्याच्या स्मृतीने दगा दिला, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. लढाई कोणती हे माणूस विसरेल, पण त्या लढाईच्या दिवशी आपण घोड्यावर होतो की गजांआड, हे विसरत नाही.

राजकन्येच्या प्रेमाचेही तेच. राजाची बहीण उल्रिके हिच्या विवाहसोहळ्यात आपण पहाऱ्यावर होतो, गर्दीत कोणा चोराने आपले घड्याळ लांबवले आणि गणवेशाच्या बंडीची सोनेरी झालर कापून नेली, सोबत्यांनी चेष्टा केली, आणि एका थोर स्त्रीने हे नुकसान आपण भरून काढू असे म्हणून सांत्वन केले, अशी या प्रेमाची सुरुवात तो सांगतो. झालरीचा तपशील इतका नेमका आहे की वाचणाऱ्याच्या मनात शंका येत नाही. परंतु तो या सोहळ्याचा काळ १७४३ चा हिवाळा देतो, आणि उल्रिकेचा विवाह बर्लिनमध्ये झाला तो १७४४ च्या जुलैत. शिवाय त्या प्रसंगी तो स्त्रीचे नाव घेत नाही. ती राजाची धाकटी बहीण अमालिया, हे पुढच्या लेखकांनी, नाटककारांनी आणि चित्रपटकारांनी इतके ठामपणे सांगितले की आज ती ट्रेंकच्या चरित्रातली सिद्ध गोष्ट मानली जाते. अमालियाच्या बाजूने या प्रेमाचा भरवशाचा पुरावा नाही. ही प्रेमकथा मुख्य आणि तुरुंग हा तिचा उपसंहार, अशा थाटात ट्रेंकविषयी लिहिणाऱ्यांचा मला सर्वांत जास्त राग येतो.

कारण तुरुंगच खरा आहे. माग्डेबुर्गचा भाग वाचताना कोणीही म्हणेल की आता मात्र मुंचाउसेनने तोंड काढले. अडुसष्ट पौंडांच्या बेड्या, गळ्यात, कमरेला आणि पायांत लोखंड, पायाखाली स्वतःचे नाव कोरलेली थडग्याची फरशी, झोप लागू नये म्हणून रात्री दर पाव तासाला पहारेकऱ्याची हाक, लाद्या उचलून खणलेली भुयारे, कापलेल्या बेडीच्या खाचेत गंज मिसळलेला पाव भरून तपासणीला दिलेली हुलकावणी, हे सगळे तो सांगतो. बेड्यांचे वजन त्याने वाढवले असेल; भुयाराच्या लांबीबद्दल मी त्याच्या शब्दावर पैज लावणार नाही. पण खास त्याच्यासाठी बांधलेली कोठडी, बेड्या, पळण्याचे प्रयत्न आणि कैदेची वर्षे यांचा गाभा पक्का आहे. या कैदेची साक्ष देणाऱ्या वस्तूही आहेत. कोठडीत पाणी प्यायला मिळालेल्या कथलाच्या पेल्यांवर तो टोकदार लोखंडाने चित्रे आणि कविता कोरत असे, आणि असे काही पेले आज संग्रहालयांत आहेत. पेल्याच्या अंगावर बोटभरही मोकळी जागा सोडलेली नाही. सूक्ष्म आकृत्या, त्यांभोवती चौकटी, चौकटीत मुंगीएवढ्या अक्षरांत पद्ये. घाईत किंवा सुखात बसलेल्या माणसाचे हे काम नव्हे. तो पेला कागदाइतकाच अस्सल पुरावा आहे, आणि त्याच्यापुढे झालरीची गोष्ट उभी राहू शकत नाही.

मराठी वाचकाला ही पारख नवी नाही. इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तेव्हा बखरीतले पानिपत आणि अस्सल पत्रांतले पानिपत शेजारी ठेवले, आणि बखरीतली कोणती हकिकत टिकते व कोणती गळते हे एकेक तारीख लावून पाहिले. ट्रेंकला हीच वागणूक मिळाली पाहिजे, आणि जर्मनीत ती मिळालीही. १९२६ मध्ये गुस्टाव्ह बेर्टोल्ड फोल्त्स या इतिहासकाराने त्याच्याविषयीची कागदपत्रे छापून आत्मचरित्राशी ताडून पाहिली. अशी तपासणी मुंचाउसेनच्या पुस्तकाची करू पाहणे म्हणजे इसापाच्या कोल्ह्याने खरोखर द्राक्षे पाहिली होती का, हे शोधण्यासारखे आहे.

ज्यांना ट्रेंक वाचायचा आहे त्यांना माझे एकच सांगणे आहे: संक्षिप्त आवृत्त्या घेऊ नका. त्या बहुधा प्रेमप्रकरण ठेवतात आणि फ्रान्झच्या वारशावरून व्हिएन्नात चाललेले खटले कापतात. खटल्यांची पाने कंटाळवाणी आहेत, हे मान्य. पण हा माणूस पुस्तक कशासाठी लिहितो आहे ते तेथेच कळते. त्याला मालमत्ता परत हवी आहे, नाव परत हवे आहे, आणि त्यासाठी वाचकाची साक्ष हवी आहे. फुशारकी त्या मागणीच्या पोटी येते. माग्डेबुर्गची प्रकरणे सावकाश वाचावीत. दरबारातले आणि रशियातले स्त्रियांचे प्रसंग ऐकीव गोष्टीइतक्याच भरवशाने घ्यावेत. आणि जेथे तो स्वतःला लढाईत उभा करतो, तेथे आधी तारीख पाहावी.

शेवटची एक गोष्ट थाप समजून लोक वगळतात, म्हणून येथे नोंदवतो. फ्रेंच क्रांतीच्या काळात ट्रेंक पॅरिसला गेला, परदेशी हेर म्हणून पकडला गेला, आणि सेंट-लाझार तुरुंगातल्या कथित कटात गोवला जाऊन २५ जुलै १७९४ रोजी गिलोटिनखाली मारला गेला. आंद्रे शेनिए या कवीचा वध त्याच दिवशी झाला. दोन दिवसांनी, २७ जुलैला, हे वधसत्र चालवणाऱ्या रोबेस्पिएरची सत्ता उलथली. वधस्तंभावर ट्रेंकने काढले म्हणून जे बाणेदार उद्गार सांगितले जातात ते मी येथे देत नाही. तारीख आणि मृत्यू मात्र नोंदलेले आहेत.