घरगुती आच्छादन

परसबागेत तण माजू नये म्हणून घरातील टाकाऊ वस्तूंनी झाडांभोवतीची माती झाकून ठेवण्याची पद्धत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात घरामागच्या परड्यातील भाजीचे वाफे आणि केळी-नारळाची आळी यांसाठी ती विशेष सोयीची आहे, कारण जुनी वर्तमानपत्रे, पुठ्ठ्याची खोकी व फाटके तरट घरात असते आणि भाताचे पिंजर (पेंढा), तूस, शेंगांची टरफले किंवा उसाचे पाचट जवळच्या शेतात मिळते.

अनेक तणांचे बारीक बी उजेड मिळाल्याखेरीज रुजत नाही आणि रुजलेच तरी अंधारात कोंब फार काळ तग धरत नाही. गाजरगवताचा बंदोबस्त त्यामुळे चांगला होतो. भारतात 1950च्या दशकात पुण्यात प्रथम आढळलेले हे तण बियांवरच पसरते. लव्हाळा आणि हरळी यांची गोष्ट वेगळी. लव्हाळ्याच्या गाठींत अन्नसाठा असतो व त्याचा टोकदार कोंब प्लास्टिकचा पातळ कागदही भेदून वर येतो. अशा जागी गाठी आणि हरळीच्या काश्या (जमिनीखालची खोडे) आधी खणून काढाव्यात व नंतरही वर आलेला प्रत्येक कोंब उपटावा. नुसत्या आच्छादनावर विसंबणे व्यर्थ आहे.

वळवाच्या पावसाने तणाची पहिली उगवण झाली की खुरपणी करावी आणि माती ओली असतानाच कागद अंथरावा. कोरड्या मातीवर तो घातल्यास हलक्या सरींचे पाणी वरच अडते. वर्तमानपत्राचे आठ-दहा पदर, कडा एकमेकींवर वीतभर चढवून, पाण्याने किंवा पातळ शेणकाल्याने भिजवतात. एवढी चढण ठेवली नाही तर तण नेमके सांध्यातूनच डोके काढते. वर चार बोटे जाडीचा पिंजर किंवा पाचटाचा थर हवा. नाहीतर कागद वाळून वाऱ्याने उडतो. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी, कारण सतत ओल राहिल्यास बुंधा कुजतो. पिंजरात भाताचे दाणे राहिले असतील तर ते झाडून घ्यावेत, अन्यथा वाफ्यात भातच उगवतो. गुळगुळीत रंगीत कागद वापरू नये. खोक्यांवरच्या चिकटपट्ट्या व पिना काढाव्यात.

एकाच बेळगाव जिल्ह्यात या पद्धतीचे दोन चेहरे दिसतात. अथणीकडच्या कमी पावसाच्या काळ्या जमिनीत तण रोखण्याइतकेच ओल टिकवण्याला महत्त्व आहे, म्हणून तेथे जाड थर वर्षभर लाभतो. सह्याद्रीला लागून असलेल्या खानापूर भागात मात्र मुसळधार पावसात जाड थराखाली गोगलगायी वाढतात आणि कोवळी रोपे रातोरात कुरतडली जातात. तेथे ऐन पावसाळ्यात थर पातळ ठेवून पाऊस ओसरल्यावर हिवाळी भाजीसाठी तो वाढवणे अधिक शहाणपणाचे ठरते.

कोरड्या दिवसांत वाळवी कागदावर व तरटावर येते. घराच्या भिंतीपासून आणि लाकडी चौकटीपासून आच्छादन दूर ठेवणे म्हणूनच आवश्यक आहे. खताच्या व सिमेंटच्या विणलेल्या प्लास्टिक गोण्या सहज मिळतात, पण उन्हाने त्यांचे धागे सुटतात, मातीत मिसळतात आणि खुरप्याला गुंडाळून वर येतात. एकदा पसरलेले ते धागे वेचून काढणे जवळजवळ अशक्य असल्याने त्या गोण्या वाफ्यात घालूच नयेत.