सागाच्या रांगा आणि ढोल्यांची टंचाई

चंद्रपूर-गडचिरोलीकडचं सागाचं रोपवन लांबून भरगच्च दिसतं. पण त्यात पक्ष्यांना घरटं करायला जागा किती, हे झाडं मोजून कळत नाही.

साग साधारण दोन बाय दोन मीटरवर लावतात, म्हणजे हेक्टरी २५०० रोपं. पहिल्या विरळणीत, म्हणजे उरलेल्यांना वाढायला जागा व्हावी म्हणून काही झाडं काढताना, एकाआड एक तिरकी रांग काढली की निम्मी उरतात. खरा फटका पुढच्या विरळण्यांत बसतो. वाकडी, रोगट, शेंडा वाळलेली झाडं आधी तोडीला लागतात. लाकडाच्या हिशेबानं ते बरोबरच आहे, पण सुतार पक्ष्याला नेमकी तीच हवी असतात. बुरशीनं आतून मऊ पडलेलं खोड तो कोरतो. त्यानं सोडलेल्या ढोलीत मग पिंगळा, पोपट, साळुंकी शिरतात. धडधाकट सागाचा गाभा सहजी कुजत नाही, त्यामुळे एकाच वयाच्या तरण्या रोपवनात ढोल्या जवळजवळ नसतातच.

दोष सागाचा नाही. १८८४नंतर हरवलेला आणि १९९७मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडलेला रानपिंगळा मेळघाटात सागाच्याच जंगलात राहतो; मात्र तिथे जुनी, पोकळ झाडं शिल्लक आहेत.

राखी धनेशाची गरज आणखी मोठी. मादी ढोलीचं तोंड बुजवून स्वतःला कोंडून घेते. चोचीपुरत्या फटीतून नर तिला वड, पिंपळ, उंबराची फळं भरवतो. ढोलीचा मोहा राखला आणि भोवतालचे उंबर तोडले, तरी घरटं बुडतं.

जमिनीवरच्यांचे हाल वेगळे. रातवा उन्हाळ्यात पाचोळ्यावर अंडी घालतो, ती वणव्यात जातात. नवरंग पावसाळ्यात झुडपांत घरटं करतो आणि त्याच दिवसांत रोपवनाची निंदणी चालते. अशा वेळी रोपाभोवतीचं तण काढून मधली झुडपं ठेवावीत.

विरळणीची खूण करण्याआधी कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, पायी पाहावा. बुंध्याशी ताजा लाकडाचा चुरा पडलेला असेल तर वर सुतार असू शकतो. विष्ठा आणि उंबराच्या बियांचा सडा असेल तर धनेश असू शकतो. अशा झाडांना वेगळ्या रंगाचा पट्टा मारावा. हेक्टरी चार-पाच ढोलीची किंवा वाळकी झाडं राखणं जड जाऊ नये. ती कूपाच्या आतल्या भागात निवडावीत: वाटेवरचं वाळकं झाड मजुरांच्या अंगावर पडू शकतं, आणि गावालगतचं सरपणात जातं.