वजनाच्या ऑपरेशनआधी पोटात गोळा येतो, त्याची पार्श्वभूमी

ताईच्या वजन उतरवायच्या ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे गेली. पहिल्यांदा नवरात्र होतं, घरी घट बसलेले, ते कारण चाललं. दुसऱ्यांदा दिवाळी उलटून गेल्यावर, तेव्हा तिनं जीजाजींना नुसतं म्हणलं, "फोन करून सांगून टाका, ताप आलाय." ताप बीप काही नव्हता. मी इंदूरच्या लोकमान्य नगरला तिच्याकडे गेलो तर ती डायनिंग टेबलाशी बसून डायटिशियननं दिलेल्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं प्रश्न लिहीत होती. नऊ प्रश्न. पहिला, "पोटाचा कापलेला भाग कुठे जातो?" शेवटचा, "एवढं करून परत वाढलं तर?" आणि मध्येच एक ओळ, "लोक म्हणतील शॉर्टकट मारला." हा तर प्रश्नही नव्हता.

घरात सगळ्यांचं मत ठरलेलं, की ही घाबरट आहे, बाकी काही नाही. मलाही तसंच वाटत होतं. मग तिच्या कागदाचा फोटो काढून घेतला आणि एकेक प्रश्न घेऊन वाचत बसलो, तर लक्षात आलं की ह्यातल्या जवळजवळ प्रत्येक शंकेमागे एखादं फसलेलं किंवा अर्धवट जमलेलं ऑपरेशन आहे, आणि ती शंका पेशंटच्या आधी कुठल्यातरी सर्जनलाच आलेली आहे.

शॉर्टकटवाली गोष्ट आधी घेतो, कारण ती सगळ्यात जुनी. चरकसंहितेत अष्टौनिन्दितीय नावाचा अख्खा अध्याय आहे, त्यात आठ निंद्य शरीरं सांगितलीत, फार उंच, फार बुटका, फार केसाळ वगैरे, आणि त्या यादीत अतिस्थूल. जाडेपणा आणि किडकिडीतपणा यात किडकिडीतपणा बरा असंही तिथे स्पष्ट म्हणलंय. कारणं काय, तर जास्त खाणं, गोडधोड नि तुपकट, व्यायाम नाही, दुपारची झोप, कसली काळजी नाही. हे सगळं आपल्या आज्ज्यांना, माम्यांना तोंडपाठ. पण त्याच यादीच्या शेवटी चरकांनी "बीजस्वभाव" पण लिहिलंय, म्हणजे आईबापांकडून आलेलं, ते मात्र कोणी सांगत नाही. ताईला लहानपणापासून दुपारच्या झोपेवरून टोमणे मिळाले, आमच्या आजीच्या नि आत्याच्या देहयष्टीचा विषय कधी निघाला नाही.

आता ऑपरेशन. १९५४ साली अमेरिकेत मिनेसोटाला क्रेमेन आणि लिनर या सर्जननी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रकार मांडला, आधी कुत्र्यांवर केलेला. पोटाला हात नाही लावायचा, लहान आतड्याचा मोठा भाग रस्त्यातून बाजूला काढायचा, अन्न आत गेलं तरी अंगी लागणार नाही. पुढे १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसला पेन आणि डीविंड यांनी याची मापं ठरवली. लहान आतडं साधारण सहा मीटर असतं, त्यातलं वरचं सुमारे ३५ सेंटीमीटर आणि खालचं १० सेंटीमीटर एवढंच चालू ठेवायचं. वजन उतरायचं, धडाधड उतरायचं. पण सोबत सतत जुलाब, मुतखडे, सांधेदुखी, आणि काहींचं लिव्हरच बसलं. बंद पडलेल्या आतड्यात जंतू माजायचे ते वेगळं. १९८० च्या आसपास हे ऑपरेशन जवळपास सोडून दिलं गेलं आणि कित्येकांची पोटं परत उघडून आतडी पूर्ववत जोडावी लागली. "ऑपरेशननंतर माणूस आतून खंगतो" असं जे जुनी मंडळी अजूनही म्हणतात ना, ते उगीच हवेतून आलेलं नाही.

त्याच काळात लोकांचे जबडे तारेनं बांधून ठेवायचीही टूम होती! तार काढली की वजन परत. पुढे १९८५ ला पोटात ठेवायचा फुगा आला, तोही थोड्याच वर्षांत मागे घेतला गेला.

या सगळ्यात मला आवडलेला माणूस म्हणजे एडवर्ड मेसन, आयोवा विद्यापीठातले. अल्सरसाठी ज्यांचं अर्धं पोट काढलेलं असायचं ते पेशंट नंतर रोड होतात आणि पुन्हा वजन धरत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि १९६६ मध्ये त्यांनी चिकाशी इतो यांच्याबरोबर पहिला गॅस्ट्रिक बायपास केला. पोटाची वर एक छोटी पिशवी करायची आणि ती सरळ आतड्याला जोडायची. आज जगात जे बायपास होतात त्यांचं मूळ इथे. पण पुढचं ऐका. ज्या माणसानं हे काढलं त्यालाच त्याबद्दल शंका यायला लागली, की आपण अन्नाचा रस्ताच बदलतोय, वीस वर्षांनी हाडांचं, रक्ताचं काय होईल, आणि १९७० च्या दशकात ते स्वतःच्याच ऑपरेशनपासून बाजूला होऊन पोटाला नुसतं छोटं तोंड करण्याच्या प्रकाराकडे वळले, १९८० ला त्याची पट्टीवाली आवृत्ती केली. ती पट्टीही काळाच्या ओघात मागे पडली, आणि बायपास मात्र टिकला. मेसन पुढे शंभरी गाठून २०२० मध्ये गेले. पेशंटचा वर्षानुवर्षं हिशोब ठेवायला पाहिजे हा त्यांचा आग्रह होता, त्यासाठी त्यांनी नोंदवहीसुद्धा सुरू केली. ताईला मी हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे काढणाऱ्यालाच खात्री नव्हती, आणि तुम्ही मला भित्री म्हणता."

तिचा मुद्दा बरोबर होता, काय बोलणार.

मग १९९० च्या दशकात दुर्बिणीतून व्हायला लागलं. विटग्रोव्ह आणि क्लार्क यांनी कॅलिफोर्नियात दुर्बिणीतून बायपास केला, त्याच सुमारास युरोपात पोटाला बांधायचा, कमीजास्त करता येणारा बँडही दुर्बिणीतून बसवायला लागले. बँडला अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळाली आणि दहा वर्षं त्याचीच हवा होती, काही कापायचं नाही, नको झालं तर काढता येतं, किती छान. आणि खरंच काढायला लागले, बँड सरकायचा, कधी पोटात रुतायचा, वजन म्हणावं तसं उतरायचं नाही. "काढता येतं" हेच ज्याचं सगळ्यात मोठं कौतुक होतं, तेच शेवटी सगळ्यात जास्त करावं लागलं.

ताईला जे सुचवलंय ते स्लीव्ह, त्याची जन्मकथा तर गंमतच आहे. हे स्वतंत्र ऑपरेशन म्हणून कोणी काढलंच नव्हतं. एका मोठ्या, दोन भागांच्या ऑपरेशनचा तो पहिला भाग. मिशेल गॅन्ये आणि त्यांच्या टीमनं २००० च्या सुमारास फार जास्त वजनाच्या, भूल सोसणार नाही अशा पेशंटसाठी हे दोन टप्प्यांत तोडलं, आधी पोट बारीक करू, वजन थोडं उतरलं की आतड्याचं नंतर बघू. तर बऱ्याच जणांचं पहिल्या टप्प्यातच एवढं उतरलं की दुसऱ्याची गरजच पडली नाही. यात पोटाचा साधारण तीन चतुर्थांशाहून जास्त भाग स्टेपल करून कापून काढतात, केळ्यासारखी एक नळी उरते. कापलेला भाग पोटावरच्या त्या लहानशा भोकातूनच ओढून बाहेर काढतात (प्रश्न क्रमांक एक, ताई). तो परत लावता येत नाही, हे मात्र खरं, आणि ॲसिडिटीचा त्रास काहींना वाढतो, हेही.

पण नुसतं पोट लहान झालं म्हणून वजन उतरतं हे अर्धंच. १९९९ ला जपानात कोजिमा आणि कांगावा यांनी घ्रेलिन नावाचं भुकेचं हार्मोन शोधलं, ते मुख्यतः पोटाच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं, आणि स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग जातो. म्हणजे माणूस मनावर दगड ठेवून कमी खात नाही, त्याला भूकच कमी लागते, निदान सुरुवातीची वर्षं. त्याआधी १९९५ ला वॉल्टर पोरीझ यांनी दाखवून दिलं होतं की बायपासनंतर कित्येकांची शुगर वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांत नॉर्मलला येते. शॉर्टकटवाल्यांना हे सांगून बघितलं. जीजाजींच्या आईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते ठीक आहे, पण रोज रीजनल पार्कात चालायला गेली असती तर?" जाऊ दे.

आता आकड्यांची शंका, "मी खरंच एवढी जाड आहे का?" बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा, हिशोब क्वेटलेट नावाच्या बेल्जियन गणितज्ञाचा, १८३० च्या दशकातला, आणि तो एका माणसाच्या आजारासाठी नव्हता, लोकसंख्येची सरासरी काढायला होता. १९९१ ला अमेरिकेत ठरलं की ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत आजार असेल तर ऑपरेशन. आपल्याकडे हे आकडे खाली आणले, ३७.५ आणि ३२.५, त्याचं कारण पुण्यात सापडतं. तिथल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ ला लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात स्वतःचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला, दोघांचा बीएमआय २२.३, पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. दिसायला बारीक, आतून चरबी. २०२२ च्या जागतिक शिफारशींत तर आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच विचार करा असं आलं. पण विम्याचं गणित वेगळंच, विम्यावर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयच्या २०१९ च्या नियमात ४०, किंवा गंभीर आजार असतील तर ३५, तेच जुने आकडे. त्यामुळे डॉक्टर म्हणतो गरज आहे, विमावाला म्हणतो नाही, आणि पेशंटला वाटतं गरज नसावीच मग. ताई ३८ वर आहे, शुगर आहे, झोपेत श्वास अडकतो, तरी फाईल एकदा परत आली होतीच. कोणाकडून ते नको.

भारतात हे ऑपरेशन घराघरांत कळलं ते पुढाऱ्यांमुळे. २०११ ला नितीन गडकरींनी करून घेतलं, २०१४ ला अरुण जेटलींनी. आमच्या इंदूरच्या मराठी घरांत गडकरींचं उदाहरण आजही पहिलं निघतं, भिया (म्हणजे भैया), त्यांनी केलं ना, मग! जसं काही ते शेजारी राहतात.

जिवाचा धोका किती, हे ताईनं कागदावर लिहिलंच नव्हतं, मला जिन्यात गाठून विचारलं. अमेरिकेत २००९ ला एक मोठा अभ्यास आला त्यात पहिल्या ३० दिवसांत हजारात तीन. स्वीडनमध्ये १९८७ पासून हजारो पेशंटना धरून ठेवून बघतायत, त्यात ऑपरेशन केलेले लोक न केलेल्यांपेक्षा जास्त जगले. पण २००७ च्या युटामधल्या अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली, एकूण मृत्यू ४० टक्क्यांनी कमी, आणि अपघात, आत्महत्या वगैरे मृत्यू मात्र ५८ टक्क्यांनी जास्त. म्हणून आधी सायकॉलॉजिस्टकडे पाठवतात. ताईला तो अपमान वाटला होता, "मी काय वेडी आहे?" हा आकडा ऐकल्यावर गप्प बसली, आणि मग म्हणाली की तिथे जे विचारलं ते कोणीतरी वीस वर्षांपूर्वी विचारायला पाहिजे होतं.

नवी शंका आता इंजेक्शनची. मार्च २०२५ ला वजन उतरवायचं मौंजारो भारतात आलं, जूनमध्ये वेगोव्ही, आणि प्रत्येक नातेवाईक म्हणतो सुई घे की, कापतेस कशाला. प्रश्न रास्त आहे, फक्त सेमाग्लुटाइड (वेगोव्हीतलं औषध) थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचं दोन तृतीयांश परत आलं असं अभ्यासात दिसलंय, म्हणजे सुई धरली की धरून ठेवायची. ऑपरेशनच्याही गोळ्या जन्मभर आहेतच, बी-१२, लोह, कॅल्शियम, आणि काहींचं वजन दोन-तीन वर्षांनी थोडं वर सरकतंच.

मागच्या शनिवारी रात्री ती म्हणाली सराफ्यात चल, म्हणजे रात्रीच्या खाऊगल्लीत. थंडी होती, गराडू (एक कंद) तळत होते. द्रोण घेतला, वर लिंबू, जिरावन मसाला, आणि चार फोडी खाऊन तिनं द्रोण माझ्याकडे दिला. मला वाटलं रडेल वगैरे. तर म्हणाली, बायपासवाल्यांनी जिलबी खाल्ली की घाम फुटतो, छातीत धडधडतं, चक्कर येते, ते स्लीव्हमध्येही होतं का, हे लिहायचं राहिलं. दहावा प्रश्न. स्लीव्हमध्ये कमी होतं पण होऊ शकतं, हे मी तिथेच फोनवर बघून सांगितलं, तिनं मान हलवली आणि शेजारच्या कढईतल्या जिलबीकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

सर्जनकडे कागद घेऊन गेलो परवा. त्यांनी नऊ प्रश्न पटापट सोडवले, दहावा ऐकून हसले. मग ताईनं कागदावर नसलेला अकरावा विचारला, "तुमच्या पाच वर्षांपूर्वीच्या पेशंटांपैकी किती जणांचं आजचं वजन तुम्हाला माहितीये?" ते थोडं थांबले, म्हणाले, निम्मे लोक तर परत येतच नाहीत. ताईनं ते पेन्सिलीनं लिहून घेतलं. तारीख आता संक्रांतीनंतरची मिळालीये, त्याआधी लिव्हर आकसायला दोन आठवडे प्रोटीन पावडर आणि सूप, म्हणजे तिळगूळ हुकणार, यावरून सध्या घरात वाद चालू आहे.