भाजीची पिशवी, बँकेची रांग आणि शरीराचा हिशेब

मंडईतून निघताना पिशवी हलकीच वाटते. पाच किलोचं ओझं ते काय! चौकापर्यंत येईतो पिशवीचे बंद बोटांत रुतायला लागतात आणि पुढच्या वळणावर हात बदलावा लागतो. मुठी उघडून पाहिल्या तर बोटांवर वळ, मध्ये पांढरे आणि कडेला लाल. तोवर लक्ष कुठे होतं? वीजबिलात, नाहीतर कोथिंबिरीच्या जुडीला दहा रुपये जास्त गेले त्या हळहळीत.

दरम्यान हातात बरंच काही घडून गेलेलं असतं. बोटं मिटून धरणारे मुख्य स्नायू बोटांत नसून कोपर ते मनगट या भागात असतात. चालताना पायांचे स्नायू आळीपाळीने आवळतात आणि सैल पडतात, त्यामुळे त्यांत रक्त खेळतं राहतं. पिशवी धरलेल्या हाताला ती सवलत नाही. सतत आवळलेल्या स्नायूच्या आत दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या दबतात, प्राणवायू कमी पोहोचतो आणि ऊर्जा वापरताना तयार होणारे पदार्थ तिथेच साचतात. हाताला लागणारी कळ म्हणजे त्याचीच वर्दी. ती उशिरा ऐकू येते, कारण पहिली हलकी कुरकुर आपण ऐकलेलीच नसते.

माइंडफुलनेसच्या, म्हणजे चालू क्षणाकडे सजगपणे लक्ष द्यायला शिकवणाऱ्या वर्गात ‘आपली ऊर्जा ओळखा’ असं फार मोघमपणे सांगतात. मला विचाराल तर ऊर्जेची ओळख अशी पिशवीच्या बंदापासून करून घ्यावी.

डोक्याच्या थकव्याचं गणित मात्र वेगळं आहे. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण विश्रांतीतल्या शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के त्याला लागते. गंमत म्हणजे एखादं अवघड काम करताना या खर्चात फारशी वाढ होत नाही. ती जेमतेम काही टक्क्यांची असते. म्हणजे बँकेत केवायसीचे कागद घेऊन तासभर उभं राहिल्यावर डोकं बधिर होतं, ते मेंदूतलं इंधन संपलं म्हणून नव्हे. मग कशामुळे? पॅरिसमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये एक शक्यता मांडली. दिवसभर किचकट बौद्धिक काम करणाऱ्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात ग्लुटामेट हे रसायन साचलेलं त्यांना दिसलं, आणि अशी माणसं संध्याकाळी कमी कष्टाचा, झटपट फायद्याचा पर्याय निवडू लागली. हा शेवटचा शब्द नाही. पण चार कामं उरकून आल्यावर ‘जाऊ दे, बाहेरूनच मागवू’ असं का वाटतं, याचा एक धागा त्यात सापडू शकतो.

आतून येणाऱ्या अशा खबरा (धडधड, श्वास, भूक, स्नायूंचा ताण) एकत्र करण्यात मेंदूतल्या इन्सुला या भागाचा मोठा वाटा असतो. त्या नीट कळल्या तर वागण्यात फरक पडतो का? जर्मनीत २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. नाडीवर बोट न ठेवता स्वतःचे ठोके किती अचूक मोजता येतात, हे आधी तपासलं. मग सगळ्यांना जागेवरची सायकल १५ मिनिटं आपापल्या मर्जीने मारायला सांगितलं. ज्यांना ठोके चांगले जाणवत होते त्यांनी कमी अंतर कापलं आणि त्यांच्या हृदयाची गतीही कमी वाढली. तंदुरुस्तीत दोन्ही गटांत मोठा फरक नव्हता. फक्त एका गटाने बेताबेताने घेतलं.

आता वाटेल, ध्यानाची बैठक असलेल्यांचे ठोके तर अचूकच निघणार. २००८ मध्ये अमेरिकेत हेही तपासलं गेलं. अनुभवी साधक ठोके ओळखण्यात इतरांपेक्षा सरस ठरले नाहीत, फक्त ‘आम्हाला छान जमलं’ असं मात्र त्यांना जास्त वाटत होतं! ठोके मोजण्याच्या चाचणीवरही आक्षेप आहेत, कारण आपली नाडी साधारण किती पडते हे ठाऊक असलेला माणूस नुसत्या अंदाजानेही बरोबर उत्तर देऊ शकतो.

तरी रोजच्या कामात लक्ष घालण्याचे फायदे अगदीच हवेतले नाहीत. फ्लोरिडात ५१ विद्यार्थ्यांना भांडी घासायला लावली होती. पाण्याची ऊब, साबणाचा वास, हाताला होणारा स्पर्श यांकडे लक्ष देऊन घासणाऱ्यांची अस्वस्थता नंतर कमी भरली. नुसती घासणाऱ्यांमध्ये तसा बदल दिसला नाही. प्रयोग लहान आहे, त्यावर फार इमले बांधू नयेत.

ठोके जाणवत नसतील तर श्वासाकडे लक्ष द्या, ते सोपं. व्यायामशास्त्रात बोलण्याची एक साधी चाचणी वापरतात. चालताना सलग बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तेव्हा श्रम मध्यम. दोन-चार शब्दांनंतरच श्वास घ्यावा लागला तर ते जोराचे. लिफ्ट बंद असताना पिशव्या घेऊन तिसऱ्या मजल्यावर जाताना हे करून पाहा. वाक्य तुटायला लागलं की मधल्या टप्प्यावर पिशव्या खाली ठेवा, बोटं उघडा आणि दम खा. रोजच्याच जिन्यावर अचानक असा दम लागू लागला, तर ते ध्यानाचं काम नाही, डॉक्टरांना दाखवा.