डोनटमधलं सफरचंद जातं कुठे?

सप्टेंबरच्या मध्यापासून अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत सफरचंदाच्या बागांबाहेर गाड्यांच्या रांगा लागू लागतात. बॉस्टन आणि न्यू जर्सीकडची मराठी कुटुंबंही या दिवसांत शनिवार-रविवार गाठून मुलांना झाडावरची सफरचंदं तोडायला नेतात. बागेतून परतताना पिशवीत सफरचंदं असतात, सायडरची बाटली असते आणि हातात दालचिनी-साखरेत घोळवलेले गरम डोनट. व्हरमाँटमधली कोल्ड हॉलो सायडर मिल किंवा मॅसॅच्युसेट्समधलं ॲटकिन्स फार्म्स ही नावं तिकडे या डोनटमुळेच घरोघरी माहीत आहेत.

सायडर म्हटलं की आपल्याकडे दारू आठवते. अमेरिकेत मात्र साधं ‘सायडर’ म्हणजे ताजी सफरचंदं भरडून, दाबून काढलेला, न गाळलेला गढूळ रस. त्याचा तपकिरी रंग कापून ठेवलेल्या फोडीच्या रंगासारखाच येतो. पेशी फुटल्या की पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने फळातल्या फिनॉलिक द्रव्यांवर काम करतं आणि रस काळवंडतो.

सायडर डोनट शेकडो वर्षं जुना वाटतो, पण आजचं त्याचं रूप तसं अलीकडचं. डच वसाहतवाले तेलात तळलेल्या गोड गोळ्यांची रीत न्यू यॉर्ककडे घेऊन आले हे खरं. पण रशियातून आलेल्या ॲडॉल्फ लेव्हिट यांनी 1920 मध्ये न्यू यॉर्कमध्ये डोनट करणारं यंत्र बनवलं, पुढे त्यांच्या डोनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिकाने 1951 मध्ये ‘स्वीट सायडर डोनट’ बाजारात आणला, आणि शरद ऋतूशी या पदार्थाची गाठ पक्की झाली.

आता घरच्या ओव्हनकडे वळू. घरी हे डोनट भाजणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते: डोनट मऊ झाले, फुगले, वासही छान सुटला, पण सफरचंद काही लागत नाही, लागते ती दालचिनी. ही तक्रार खरी आहे, आणि तिचं उत्तर रसायनशास्त्रात आहे.

100 ग्रॅम सायडरमध्ये साधारण 88 ग्रॅम पाणी असतं. उरलेल्यात 11 ग्रॅमच्या आसपास साखर, त्यातही निम्म्याहून अधिक फ्रुक्टोज. आंबटपणा देणारं मॅलिक आम्ल असतं अर्धा ग्रॅम, आणि ज्याला आपण ‘सफरचंदाचा वास’ म्हणतो ती सुगंधी द्रव्यं तर मिलिग्रॅममध्ये मोजावी लागतात. पाव किलो मैद्याच्या डोनटमध्ये सव्वाशे मिलिलिटर कच्चा रस घातला, तर बारा डोनटना मिळून पाव चमचा आम्लही पोचत नाही. पोचतं ते अर्ध्या ग्रॅमहून थोडं जास्त. एवढ्यावर जीभ सफरचंद ओळखणार कशी?

म्हणून रस आटवायचा. अर्धा लिटर सायडर रुंद तोंडाच्या पातेल्यात घालून मंद आचेवर सव्वाशे मिलिलिटरपर्यंत आणायचं. न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्यांकडे सायडर असं आटवून वर्षभर ठेवायची पद्धत जुनी आहे. पातेल्याजवळ उभं राहून पाहिलं तर फार मजेशीर गोष्टी दिसतात. आधी पेक्टिन आणि प्रथिनांचा मळकट फेस वर येतो, तो काढून टाकायचा. मग बराच वेळ मोठे, पटापट फुटणारे बुडबुडे येत राहतात आणि काहीच घडत नाही असं वाटतं. शेवटच्या टप्प्यात बुडबुडे बारीक आणि चकचकीत होतात, फुटायला वेळ घेतात, आणि चमचा बुडवून काढला की त्याच्या पाठीवर पातळ थर राहतो. इथे थांबायचं. साखरेचं प्रमाण आता 45 टक्क्यांच्या आसपास गेलेलं असतं आणि मॅलिक आम्लाचं 2 टक्क्यांवर. हे आम्ल वाफेबरोबर उडत नाही, त्यामुळे आटवलेला रस गोड होतो तसाच सणसणीत आंबटही होतो.

वासाचं मात्र उलट होतं. ताज्या सफरचंदाचा वास मुख्यतः एस्टर वर्गातल्या हलक्या रेणूंचा: हेक्झिल ॲसिटेट, ब्युटिल ॲसिटेट, इथाइल 2-मिथाइलब्युटानोएट. हे इतके उडते की रस उकळू लागल्यावर पहिल्या वाफेतच बरेचसे निघून जातात. स्वयंपाकघरभर दरवळणारा तो घमघमाट म्हणजे पातेल्यातून गेलेलं सफरचंदच. रसाचे कारखाने म्हणूनच रस घट्ट करताना ही पहिली वाफ वेगळी पकडून थंड करतात आणि तिचा अर्क नंतर परत रसात मिसळतात. घरी ती सोय नाही.

पण गमावण्याबरोबर कमाईही होते, आणि या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत सुंदर वाटणारा भाग हाच आहे. सफरचंदात काही सुगंधी रेणूंचे पूर्वज साखरेला बांधलेल्या अवस्थेत असतात. तसे असताना त्यांना वास नसतो. आंबट रसात ते तापले की बंध तुटतात आणि त्यातून बीटा-डॅमॅसेनोन नावाचं द्रव्य तयार होतं. शिजलेल्या सफरचंदाचा तो खोल, मधासारखा वास बऱ्याच अंशी याचाच. पाण्यात अब्जावधी भागांत एका भागाहूनही कितीतरी कमी असलं तरी माणसाच्या नाकाला ते कळतं. हे द्रव्य पहिल्यांदा ओळखलं गेलं ते 1970 मध्ये, बल्गेरियातल्या गुलाबाच्या तेलात. गुलाब आणि सफरचंद वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच कुळातले, रोझेसी कुळातले.

रस आटवला, वास आला, आंबटपणा आला. तरीही डोनटमध्ये सफरचंद हरवू शकतं, आणि बहुतेक वेळा ते हरवतं ते खाण्याच्या सोड्यामुळे.

सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. आम्ल भेटलं की तो कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि पीठ फुगतं. एका ग्रॅम सोड्यातून, पुरेसं आम्ल मिळालं तर, पाव लिटरहून थोडा जास्त वायू निघतो. पण या व्यवहारात आम्लही संपतं. हिशेब करून पाहू. अर्धा लिटर सायडरमध्ये साधारण अडीच ग्रॅम मॅलिक आम्ल. त्याच्या एका रेणूला सोड्याचे दोन रेणू लागतात. म्हणजे ते सगळं आम्ल निकामी करायला फक्त तीन ग्रॅमच्या आसपास सोडा पुरतो. लहान चमचाभर सोडा भरतो सुमारे पाच ग्रॅम! पीठ छान फुगावं म्हणून कोणी सपाट चमचाभर सोडा घातला, तर तासभर उभं राहून आटवलेला आंबटपणा तो पहिल्या काही मिनिटांत खाऊन टाकतो. जीभेला सफरचंद कळतं ते बरंचसं आंबट-गोडाच्या ताणातून. आंबट गेलं की उरतो तो गूळमट गोडवा. वर जास्तीचा सोडा तापून त्याचं सोडियम कार्बोनेट होतं, आणि साबणासारखी चव येते ती त्याची.

त्यामुळे माझं ठाम मत असं, की या डोनटमध्ये फुगवण्याचं मुख्य काम बेकिंग पावडरवर सोपवावं. तिच्यात सोडा आणि त्याला पुरेल एवढं कोरडं आम्ल दोन्ही मोजून घातलेले असतात, ती सफरचंदाच्या आम्लाला फारसा हात लावत नाही. पाव किलो मैद्याला दीड ते दोन लहान चमचे बेकिंग पावडर आणि फक्त पाव चमचा सोडा. सोबत शंभर मिलिलिटर ताक घातलं तर त्यातलं लॅक्टिक आम्लही सोड्यातला आपला वाटा उचलतं आणि मॅलिक आम्ल आणखी वाचतं. पाव चमचा सोडा अजिबात वगळू नये. पीठ फार आंबट राहिलं तर डोनटला रंग धरत नाही, कारण साखर आणि अमिनो आम्लं यांच्यातली मेलार्ड अभिक्रिया आंबट वातावरणात रेंगाळते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मेलार्ड यांनी 1912 मध्ये तिचं वर्णन केलं; पोळीवरच्या डागांपासून पावाच्या कवचापर्यंत सगळीकडे ती असते.

बाकी साहित्य साधं: 100 ग्रॅम साखर, 60 ग्रॅम लोणी, एक अंडं, दालचिनी, थोडं जायफळ. पीठ फेटू मात्र नये. मैद्यातल्या ग्लुटेनिन आणि ग्लायडिन या प्रथिनांना पाणी आणि ढवळणं मिळालं की ग्लुटेनचं जाळं बनतं. पावाला ते हवंच असतं, या डोनटला नको. कोरडं पीठ दिसेनासं झालं की चमचा खाली ठेवावा.

तळण्याऐवजी भाजायचं ठरवलं की सगळं उष्णतेचं गणित बदलतं. तेल 185 ते 190 अंश सेल्सियसवर असतं आणि डोनटला चहूकडून चिकटून उष्णता देतं. काही मिनिटांत पृष्ठभागावरचं पाणी उडतं, कवच होतं, रंग येतो. ओव्हनमधली हवा जवळजवळ तेवढीच तापलेली असली तरी उष्णता पोचवण्यात फार मंद. पृष्ठभाग ओला आहे तोवर बाष्पीभवनामुळे त्याचं तापमान 100 अंशांपलीकडे जात नाही, आणि तांबूस रंग वेगाने येतो तो 140 अंशांच्या वर. म्हणून 175 अंशांवर दहा-बारा मिनिटं भाजलेल्या डोनटची वरची बाजू फिकट राहते, आणि साच्याच्या धातूला टेकलेली बाजू मात्र सुरेख तांबूस होते. साचा गडद रंगाच्या धातूचाच घ्यावा. सिलिकॉनच्या साच्यातून डोनट अलगद सुटतात खरे, पण सिलिकॉन उष्णता नीट वाहून नेत नाही आणि खालची बाजूही पांढरट राहते. ताटलीत काढताना डोनट उलटे ठेवायचे, म्हणजे रंगलेली बाजू वर येते.

मधलं भोक मेदूवड्यातल्या भोकाचंच काम करतं. उष्णता आत शिरायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. जाडी निम्मी झाली की वेळ साधारण चौथा हिस्सा होतो. भोक नसतं तर कडा करपेपर्यंत मध्य कच्चाच राहिला असता. मेन राज्यातल्या हॅन्सन ग्रेगरी या खलाशाने आपणच 1847 मध्ये हे भोक पाडलं असा दावा म्हातारपणी केला होता.

तळलेल्या डोनटमध्ये तेल शिरतं ते बरंचसं कढईतून बाहेर काढल्यावर. आतली वाफ थंड होऊन आकसते, पोकळी होते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. भाजलेल्यात हे घडत नाही. त्यामुळे तो हलका असतो, पण साखर धरून ठेवायला वर काहीच नसतं. अमेरिकेत त्यासाठी वितळलेलं लोणी लावतात. लोण्यात 16 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, आणि त्या पाण्यात दालचिनी-साखर विरघळून ओलसर होते. इथे आपलं साजूक तूप सरस ठरतं. कढवताना त्यातलं पाणी उडालेलंच असतं आणि साखर स्निग्धात विरघळत नाही, म्हणून दाणे जास्त वेळ कुरकुरीत राहतात. तरी आतला ओलावा हळूहळू बाहेर येतोच. जेवढे डोनट लगेच खायचे तेवढेच घोळवावेत.

महाराष्ट्रात हे करायचं तर रस घरीच काढावा लागेल. आपल्या बाजारात येणारी हिमाचल-काश्मीरची डिलिशस जातीची सफरचंदं गोड आहेत, पण त्यांत आम्ल कमी. न्यू इंग्लंडचे सायडरवालेही एकाच जातीवर विसंबत नाहीत, गोड फळांत मॅकिंटॉशसारखी आंबटसर फळं मिसळतात. आपण हिरव्या ग्रॅनी स्मिथची जोड द्यावी, मिक्सरमधून काढून फडक्याने पिळावं. ती मिळाली नाहीत तर आटवलेल्या रसात थोडं लिंबू चालेल. लिंबाचं सायट्रिक आम्ल जिभेवर चटकन चढतं आणि उतरतं, मॅलिकचा आंबटपणा रेंगाळतो, पण अजिबात आंबट नसण्यापेक्षा हे बरं. दालचिनी कोकणातली मिळाली तर तीच वापरावी, आणि बेताने. तिच्यातलं सिनॅमाल्डिहाइड जिभेवरच्या तिखटासारख्या झणझणीची जाणीव देणाऱ्या चेतातंतूंनाही डिवचतं आणि सफरचंदाचे नाजूक वास त्याखाली दबतात.

राहिला प्रश्न वाफेबरोबर गेलेल्या ताज्या वासाचा. पिठात कितीही कच्चा रस घातला तरी ओव्हनमध्ये तो वास टिकणार नाही. त्यामुळे दोन-तीन चमचे रस आधीच बाजूला काढून फ्रीजमध्ये ठेवावा, त्यात पिठीसाखर कालवून दाटसर लेप करावा आणि डोनट पूर्ण थंड झाल्यावर काहींवर दालचिनी-साखरेऐवजी तो ओतावा. या लेपाला आच लागलेली नसते, एस्टर जागेवर असतात. घासात मग आटवलेल्या आणि ताज्या अशा दोन्ही सफरचंदांचे वास येतात.

उरलेले डोनट फ्रीजमध्ये ठेवू नयेत. भाजताना फुगलेले स्टार्चचे रेणू थंडीत पुन्हा ओळीने जुळतात आणि डोनट वातड होतो. हे सर्वांत वेगाने घडतं ते फ्रीजच्याच तापमानाला. झाकणाच्या डब्यात बाहेर ठेवले तर फ्रुक्टोज आणि पेक्टिन पाणी धरून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशीही ते मऊ लागतात. त्याहून जास्त ठेवायचे असतील तर न घोळवता थेट फ्रीझरमध्ये टाकावेत, आणि खाण्याआधी ओव्हनमध्ये पाचेक मिनिटं गरम करून मग तूप लावून साखरेत फिरवावेत.