फ्रान्समधील हरितमार्ग

हरितमार्ग (व्वा व्हेर्त) : मोटारवाहनांना पूर्ण मज्जाव असलेला, सायकलस्वार, पादचारी, चाकाच्या खुर्चीवरील व्यक्ती, स्केटिंग करणारे आणि जागोजागी घोडेस्वार यांच्यासाठी राखलेला फ्रान्समधील रस्ता. १६ सप्टेंबर २००४ च्या हुकमाने फ्रान्सच्या वाहतूक नियमांत त्याची व्याख्या आली. प्रत्यक्षात असे मार्ग त्याआधीच वापरात होते. बहुतेक हरितमार्ग बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर किंवा कालव्यांच्या काठावर तयार झाले आहेत. फ्रान्सच्या ग्रामीण भागातून सामान लादून, घाई न करता, अनेक दिवस सायकलने हिंडण्याची जी रीत आज रूढ आहे, तिचा कणा हेच मार्ग आहेत.

फ्रान्सचा बराचसा ग्रामीण मुलूख ना सपाट ना डोंगराळ. बर्गंडी, नॉर्मंडी किंवा लिमूझँसारख्या प्रदेशांत टेकड्यांच्या लाटांवर लाटा येतात. गावातला रस्ता ओढ्यापर्यंत उतरतो आणि लगेच समोरची टेकडी चढू लागतो. एकेक चढ छोटाच, पण दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवलेल्या सायकलीवर असे वीस-पंचवीस चढ झाले की दिवस संपतो. वाफेच्या इंजिनाला मात्र असा रस्ता चालत नसे. त्यामुळे रेल्वेच्या अभियंत्यांनी टेकड्या कापल्या, ओढ्यांवर भराव आणि कमानी घातल्या आणि नदीच्या खोऱ्यांना धरून रूळ नेले. बोरघाटातला रेल्वेचा १:३७ हा चढ म्हणजे जेमतेम पावणेतीन टक्के, तरी तिथे गाडीला मागून जादा इंजिन लावावे लागते. यावरून साध्या ग्रामीण मार्गावर चढ किती कमी ठेवला जात असेल, याचा अंदाज येतो. आज त्याच मार्गावरून सत्तरीतले जोडपे किंवा आठ वर्षांचे मूल टेकड्यांच्या मुलखातून दिवसभर सायकल चालवू शकते. याचे श्रेय आजच्या आखणीकारांपेक्षा एकोणिसाव्या शतकात तो भराव घालणाऱ्यांना अधिक द्यायला हवे.

हे रेल्वेमार्ग इतके दाट कसे झाले, यालाही कारण आहे. १८७९ मध्ये सार्वजनिक बांधकाम मंत्री शार्ल द फ्रेसिने यांनी देशाच्या कानाकोपऱ्यातील तालुक्याच्या गावांपर्यंत रेल्वे नेण्याची मोठी योजना हाती घेतली. त्याच वर्षी कालव्यांवरील जलपाशांचे (होडीला पाण्याच्या एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणाऱ्या, दोन्ही टोकांना दारे असलेल्या हौदांचे) माप ठरवणारा कायदाही झाला आणि सुमारे ३९ मीटर लांबीचे ते माप आजही फ्रेसिने यांच्या नावानेच ओळखले जाते. पुढे मोटारी आणि बसगाड्या आल्या, तोट्यातल्या शाखा एकेक करून बंद पडल्या, रूळ उखडले गेले. उरल्या त्या झुडपांत बुडालेल्या, पण सलग आणि सार्वजनिक मालकीच्या लांबच लांब पट्ट्या. ही जमीन तुकड्या-तुकड्यांनी शेजारच्या शेतांत गेली असती, तर आज कितीही पैसा ओतून तसा मार्ग पुन्हा जुळवता आला नसता. जिल्हा परिषदांनी त्या पट्ट्या वेळेवर ताब्यात घेतल्या, हा निर्णय कौतुकास्पद आहे.

दक्षिण बर्गंडीत, सोन-ए-ल्वार जिल्ह्यातील जिव्री ते क्लुनी हा ४४ किमीचा मार्ग १९९७ मध्ये खुला झाला. तो फ्रान्समधील पहिला हरितमार्ग मानला जातो. आता तो उत्तरेला शालों-स्युर-सोन आणि दक्षिणेला माकों या शहरांच्या दिशेने वाढला असून एकूण लांबी ७० किमीच्या आसपास भरते. सुरुवातीला उतारांवर द्राक्षमळे लागतात. जिव्री आणि ब्यूसी ही दोन्ही गावे वाइनसाठी नावाजलेली. सँ-झांगूच्या पुढे मळे विरळ होतात, ग्रोन नदीचे खोरे सुरू होते आणि कुंपणझुडपांनी आखलेल्या कुरणांत पांढऱ्या शारोले जातीची गुरे चरताना दिसतात. वाटेत रेल्वेच्या खुणा पदोपदी भेटतात. जिथे गावरस्ता आडवा जातो तिथे फाटकवाल्याचे जुने घर अजून उभे असते, बहुधा आता कुणीतरी राहते. सायकलींचा वेग कमी व्हावा आणि मोटार आत शिरू नये म्हणून तिथे लाकडी अडसर लावलेले आहेत. जुन्या स्थानकांचे फलाट तसेच आहेत. काही इमारतींत सायकली भाड्याने मिळतात, काहींत खाण्यापिण्याची सोय आहे.

मार्गावरून न ढळता ७० किमी कापणे सोपे आहे, पण तेवढ्यावर थांबू नये. रेल्वे खोऱ्याच्या तळातून गेली आणि जुनी गावे, किल्ले, चर्चे उंचावर राहिली, त्यामुळे या प्रदेशाचे खरे धन बाजूला वळल्यावरच सापडते. कोर्मातँ येथील सतराव्या शतकातला वाडा मार्गालगत आहे. पण तिथून थोड्या अंतरावरचे शापेझचे अकराव्या शतकातले रोमनेस्क (जाड भिंती आणि गोल कमानींच्या मध्ययुगीन शैलीतले) चर्च आणि त्याहून वर ब्राँसियोंचे गडगाव पाहायचे तर चढ चढावाच लागतो. तेझे हे खेडे १९४० मध्ये ब्रदर रोजे यांनी स्थापन केलेल्या ख्रिस्ती बंधुसंघामुळे जगभर ठाऊक झाले असून उन्हाळ्यात तिथे देशोदेशीचे तरुण जमतात. क्लुनीचा मठ ९१० मध्ये स्थापन झाला. १०८८ मध्ये बांधायला घेतलेले त्याचे तिसरे चर्च, रोमचे आजचे सेंट पीटर्स उभे राहीपर्यंत, ख्रिस्ती जगातले सर्वांत मोठे होते. राज्यक्रांतीनंतर ते दगडांसाठी पाडण्यात आले. आज आडव्या दालनाचा एक भाग आणि मनोरे तेवढे उरले आहेत. त्या तुटक्या अवशेषांवरूनही मूळ इमारतीची भव्यता ध्यानात येते; क्लुनीला अर्धा दिवस राखून ठेवणे योग्य.

क्लुनीच्या दक्षिणेला ब्वा क्लेर बोगदा लागतो. लांबी सुमारे १.६ किमी. आत दिवे आहेत, पण भर उन्हाळ्यातही हवा गार असते. अंगात काहीतरी चढवूनच शिरावे. बाहेर पडताच बेर्झे-ल-शातेलचा किल्ला आणि माकोंकडचे द्राक्षमळे सामोरे येतात. हिवाळ्यात बोगद्यात वटवाघळे शीतनिद्रा घेतात, म्हणून त्या महिन्यांत तो बंद ठेवतात आणि सायकलस्वारांना वरच्या खिंडीतून जावे लागते.

कालव्यांकाठच्या वाटा याहून जुन्या. तिथून घोडे आणि माणसे दोरखंडाने होड्या ओढत नेत. त्यामुळे दोन जलपाशांमधली वाट पाण्याच्या पातळीबरोबर सपाट राहते आणि जलपाशापाशी काही मीटर चढते किंवा उतरते. १८३२ मध्ये पूर्ण झालेल्या २४२ किमीच्या बर्गंडी कालव्यावर असे १८९ जलपाश आहेत. प्येर-पॉल रिके यांनी आखलेला आणि १६८१ मध्ये पूर्ण झालेला द्यू मिदी कालवा १९९६ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि प्रसिद्धीने सर्वांत पुढे. तरी सायकलीसाठी तो सर्वांत सोपा नव्हे. तुलूजच्या बाजूचे पहिले सुमारे ५० किमी डांबरी आहेत. पुढे बऱ्याच भागात वाट कच्ची, अरुंद आणि मुळांनी उचकटलेली आहे. पातळ टायरच्या सायकलींनी तिथे जाऊ नये. २००६ मध्ये तिथल्या प्लेन वृक्षांवर बुरशीजन्य रोग आढळला, त्यापायी हजारो झाडे तोडावी लागली आणि अनेक ठिकाणची सावली गेली.

सायकल पर्यटनाची परंपरा या मार्गांपेक्षा पुष्कळ जुनी आहे. सँत-एत्येन येथील पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०), टोपणनाव व्हेलोसिओ, यांना तिचे जनक मानतात. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे, दमून गळेपर्यंत चालवू नये आणि केवळ दिमाखासाठी पायडल मारू नये, ही त्यांची शिकवण आजही लागू पडते. सायकलीला अनेक गिअर असावेत, हा आग्रहही त्यांचाच. १९३६ मध्ये कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली आणि सामान्य कुटुंबे सायकलींवरून गावोगाव हिंडू लागली. नंतर रस्ते मोटारींनी व्यापले. १९९८ मध्ये सरकारने सायकलमार्गांचा राष्ट्रीय आराखडा मंजूर केला, तेव्हा या परंपरेला पुन्हा जागा मिळाली.

आज लांब पल्ल्याच्या मार्गांत हरितमार्ग आणि कमी रहदारीचे गावरस्ते एकमेकांना जोडलेले असतात. नदीकाठचा ल्वार-आ-व्हेलो हा सुमारे ९०० किमीचा मार्ग, जिनिव्हा सरोवरापासून भूमध्य समुद्राकडे जाणारा व्हिआरोना आणि अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंतचा यूरोव्हेलो ६ हे त्यांतले ठळक. म्हणजे नकाशावरची संपूर्ण रेघ वाहनमुक्त असेल असे धरून चालू नये. मुलांना घेऊन जायचे तर कोणता टप्पा हरितमार्ग आहे, हे आधी पाहावे. १२ वर्षांखालील मुलांना २०१७ पासून हेल्मेट सक्तीचे आहे.

मे, जून आणि सप्टेंबर हे सर्वांत सुखाचे महिने. ‘आक्यय व्हेलो’ (सायकलस्वारांचे स्वागत) ही पाटी असलेली निवासस्थाने मार्गापासून पाच किमीच्या आत असतात; तिथे सायकल कुलूपबंद ठेवता येते आणि दुरुस्तीची हत्यारे मिळतात. खेड्यांतली दुकाने दुपारी दोन-तीन तास बंद असतात, रविवारी दुपारनंतर बहुतेक सगळीच आणि सोमवारी अनेकदा बेकरीसुद्धा. म्हणून पाव, चीज आणि फळे सकाळीच घेऊन ठेवावीत. पाण्यासाठी अनुभवी सायकलस्वार गावाच्या दफनभूमीत जातात, कारण फुलझाडांसाठी तिथे नळ असतोच. मात्र पाणी पिण्याजोगे नसल्याची पाटी लावलेली नाही ना, हे बघावे. शालों आणि माकों ही दोन्ही शहरे पॅरिस-ल्यों लोहमार्गावर असून प्रादेशिक गाड्यांत सहसा सायकल नेता येते. त्यामुळे एका टोकाला उतरून दुसऱ्या टोकाला गाडी पकडणे सोयीचे पडते.