जलविद्युत (खानदेश)

वाहत्या किंवा उंचावरून पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर टर्बाइनची पाती फिरवून, त्यांच्या आसाला जोडलेल्या जनित्रातून मिळवलेली वीज म्हणजे जलविद्युत. सेकंदाला किती पाणी येते आणि ते किती उंचीवरून खाली येते, या दोन गोष्टींवर तिचे प्रमाण ठरते. दर सेकंदाला एक घनमीटर पाणी एक मीटर खाली आले, तर हिशेबाने ९.८ किलोवॅट शक्ती मिळते. घर्षण आणि यंत्रातील तूट वजा जाता हाती साधारण ८ किलोवॅट उरतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत पाणी आणि उंची यांची गाठ क्वचितच पडते.

तापीला पाणी आहे, पण खानदेशच्या सपाटीवर उतार फार कमी. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा येथील बॅरेज पात्रातच पाणी अडवतात. पुरात दरवाजे उघडले की वरच्या आणि खालच्या पातळीतला फरक मोडतो, म्हणजे पाणी भरपूर असते तेव्हाच उंची हातची जाते. ४१ दरवाज्यांच्या हतनूर धरणाचे पाणी भुसावळजवळच्या दीपनगरला वीजनिर्मितीसाठी जाते खरे, पण ते कोळशावर चालणाऱ्या केंद्राला. तापीच्या पाण्यापासून मोठ्या प्रमाणावर जलविद्युत होते ती गुजरातेत, उकाई येथे. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या त्या धरणाच्या पायथ्याशी प्रत्येकी ७५ मेगावॅटचे चार संच आहेत आणि जलाशयाचा फुगवटा नंदुरबार जिल्ह्यात शिरलेला आहे.

सातपुड्यात परिस्थिती उलटी. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत कडे, धबधबे पुष्कळ; मात्र बहुतेक नाले पावसाळ्यानंतर रोडावतात. तरीही बारमाही धार सापडली तर लहान संच चालतो, हे धडगाव तालुक्यातल्या बिलगाव या गावाने दाखवले. उदई नदीच्या धबधब्याच्या वर बंधारा घालून, पाणी पाटाने टाकीत आणि तेथून नळाने खाली टर्बाइनवर सोडून, २००३ मध्ये तेथे १५ किलोवॅटचा संच सुरू झाला. बांधकामाला गावकऱ्यांचे श्रमदान होते, आणि ग्रीडच्या तारा न पोहोचलेल्या पाड्यांवर व आश्रमशाळेत दिवे लागले. १५ किलोवॅट म्हणजे शहरातल्या काही मोजक्या बंगल्यांचा भार. पाड्यांचे त्यात भागत होते. २००६ मध्ये सरदार सरोवराच्या पाण्याने हा प्रकल्प बुडवला.

नर्मदेवरील सरदार सरोवराची क्षमता १,४५० मेगावॅट आहे : नदीपात्रातील केंद्राची १,२०० आणि कालव्याच्या मुखावरील केंद्राची २५०. नर्मदेच्या पाण्याच्या वाटपासाठी नेमलेल्या लवादाच्या १९७९ च्या निवाड्यानुसार यातील ५७ टक्के वीज मध्य प्रदेशाची, २७ टक्के महाराष्ट्राची आणि १६ टक्के गुजरातची. महाराष्ट्राच्या वाट्याला बुडितही आले. अक्कलकुवा आणि अक्राणी (म्हणजेच धडगाव) तालुक्यांतील ३३ गावे त्याच्या कक्षेत आली. ही वाटणी राज्याराज्यांतली आहे. बुडित गावांसाठी विजेचा वेगळा हिस्सा तीत राखलेला नाही.